र. धों. कर्वे आणि पाळीआधीचे दिवस
गणिताचे प्राध्यापक रघुनाथ धोंडो कर्वे (१८८२–१९५३) यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढले. त्यापायी नोकरी सोडावी लागली. १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’मधून शरीराविषयी उघड लिहिले, अश्लीलतेचे खटले सोसले, एकात वकील डॉ. आंबेडकर होते. ते वारले त्याच वर्षी ब्रिटिश डॉक्टरांनी पाळीपूर्व त्रासाला ‘प्रीमेन्स्ट्रुअल सिंड्रोम’ हे नाव दिले.

भूमसारख्या गावांत आजही हा त्रास दबक्या आवाजात सांगितला जातो. पाळीआधी टोकाची चिडचिड, रडू, निराशा येते आणि पाळी आल्यावर ओसरते? दोन महिने रोज नोंद ठेवा. व्यायाम, समुपदेशन, नैराश्यावरच्या किंवा काही गर्भनिरोधक गोळ्या, यांतले काय घ्यायचे ते डॉक्टरांशी बोलून ठरवा. जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.