पंडितेची साधी मराठी

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एका समारंभाच्या निमंत्रणपत्रिकेत माझे नाव सर्वांत शेवटी छापले गेले, तेही पदव्या गाळून. चारचौघांत मी ते हसण्यावारी नेले. पण त्या रात्री जेवण काही गोड लागले नाही. आमची ब्रह्मपुरी म्हणजे शाळा-महाविद्यालयांचे गाव. येथे नावापुढची अक्षरे माणसे जिवापाड जपतात आणि मीही त्यांतलाच.

त्याच आठवड्यात थोरल्या भावाच्या आजारपणामुळे ख्रिस्तानंद रुग्णालयात मुक्काम पडला. वैनगंगेपलीकडून, आरमोरीच्या बाजूने आणलेली एक म्हातारी शेजारच्या खाटेवर होती. एक सिस्टर रोज तिचे चिखलाने भेगाळलेले पाय धुऊन पुसत. त्यांचे नाव काय, असे मी म्हातारीच्या लेकाला विचारले. त्याला ठाऊक नव्हते. चार दिवसांत मलाही ते विचारावेसे वाटले नव्हते. वेळ घालवायला मी पंडिता रमाबाईंचे चरित्र बरोबर नेले होते. ते वाचता वाचता माझे पत्रिकेचे दुःख मला फारच किरकोळ वाटू लागले.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून पत्नीला संस्कृत शिकवले आणि त्या आईने रमेला. पुढे दुष्काळात आई, वडील आणि बहीण गेली. भावाबरोबर देशभर पायी भटकत ही मुलगी १८७८ साली कलकत्त्याला पोहोचली. तेथील विद्वानांनी तिची विद्या पारखली आणि वयाच्या विसाव्या वर्षी तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पुढे तिने काहीच केले नसते, तरी तेवढ्या मानावर जन्म निघाला असता.

पण दैवाने तसे होऊ दिले नाही. भाऊ गेला. १८८२ साली पती बिपिनबिहारी मेधावी कॉलऱ्याने वारले. लहानग्या मनोरमेला घेऊन रमाबाई पुण्यास आल्या, तेथे आर्य महिला समाज काढला आणि १८८३ साली इंग्लंडला गेल्या. तेथील सिस्टरांनी त्यांना लंडनमधले एक सेवाघर दाखवले. वाट चुकलेल्या, समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांची तेथे मायेने सेवा होत होती. ग्रंथांतल्या वादविवादांपेक्षा या दृश्याने त्यांच्या मनाची पकड घेतली. शिष्यांचे पाय स्वतःच्या हातांनी धुणाऱ्या ख्रिस्ताची वाट त्यांनी त्याच वर्षी धरली.

ही नम्रता म्हणजे मान तुकवणे मात्र नव्हे. श्रद्धेच्या प्रश्नावर त्या इंग्रज धर्मगुरूंशीही वाद घालत राहिल्या. १८८९ साली मुंबईत चौपाटीवर विधवांसाठी शारदा सदन काढले, पुढच्या वर्षी ते पुण्यात आणले. १८९३ साली मुलींच्या धर्मांतरावरून वादळ उठले. रानडे आणि भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले. धर्माच्या बाबतीत सदन तटस्थ राहील या विश्वासावर लेकी पाठवणाऱ्यांची तक्रार अगदीच निराधार होती, असे मला म्हणवत नाही. पण पुण्यातली प्रतिष्ठा गेली म्हणून बाईंनी काम सोडले नाही.

१८९६-९७ चा दुष्काळ मध्य प्रांतावर कोसळला. आपला चांदा जिल्हा तेव्हा याच प्रांतात होता. उपासमार बाईंनी स्वतः भोगली होती. त्या प्रांतात आल्या, मदत छावण्या हिंडल्या आणि सुमारे तीनशे निराधार मुली-स्त्रियांना घेऊन गेल्या. केडगावच्या माळावर मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या दुष्काळानंतर तेथील वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. शेती, विणकाम, छापखाना, सारे बायकांच्या हाती. कोणाची जात नाही, कोणाचा भूतकाळ नाही.

आणि मग त्या पंडितेने आपल्या विद्येचे काय केले? कमी शिकलेल्या बाईलाही समजावे म्हणून साध्या मराठीत बायबल आणायला घेतले. त्यासाठी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. त्यात अठराएक वर्षे गेली. खिळे जुळवणाऱ्या, छापणाऱ्या मुक्तीतल्याच स्त्रिया. १९१९ साली सरकारने कैसर-ए-हिंद पदक दिले, १९२१ साली मनोरमा गेली. काम थांबले नाही. ते हातावेगळे झाले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी बाईंनी डोळे मिटले. पुढे ते भाषांतर फारसे रूढ झाले नाही. पण संस्कृतात पंडितांना जिंकणाऱ्या बाईने आयुष्याची अखेरची वर्षे अडाणी बाईच्या बोलीपाशी बसून काढली, हे मला पदवीहून मोठे वाटते.

पंगतीला बोलावले तर शेवटच्या पाटावर बस, अशा अर्थाचा एक दृष्टांत ख्रिस्ताने सांगितला आहे. रमाबाईंकडे पाहिले की वाटते, त्या पाटावर बसायलाच गेल्या नव्हत्या. त्या वाढायला उभ्या होत्या.

भावाला घरी नेताना मी त्या सिस्टरांना नाव विचारले आणि लिहून ठेवले. पत्रिका आली की नजर अजूनही आधी स्वतःचेच नाव शोधते. खोटे कशाला सांगू? पण हल्ली ते शेवटी सापडले, तरी जेवण गोड लागते.