किइचिरो टोयोडा

जपानमधील शिझुओका प्रांतात, हामाना सरोवराच्या पश्चिमेस, यामागुची नावाचे एक लहानसे खेडे होते. तेथील साकिची टोयोडा हे एका सुताराचे चिरंजीव. गावातील स्त्रिया घरोघरी हातमागावर कापड विणीत. साकिचींच्या मातोश्रीही त्यांपैकीच एक होत्या. दिवसभर राबले तरी कापड थोडेच निघे. हे कष्ट कमी व्हावेत, या एका ध्यासाने साकिचींनी वडिलांचा धंदा बाजूला सारला आणि लाकडी मागाची मोडतोड व जुळवाजुळव चालविली. १८९० मध्ये त्यांनी एक सुधारलेला हातमाग सिद्ध केला. परंतु संशोधनाचे हे वेड घराला फार महाग पडले. ११ जून १८९४ रोजी त्यांना पुत्र झाला, तेव्हा घरात पैसा नव्हता आणि घरधन्याचे लक्षही घराकडे नव्हते. या संसाराला कंटाळून त्यांची पत्नी तान्ह्या मुलाला सासरी ठेवून माहेरी निघून गेली. त्या मुलाचे नाव किइचिरो. आजीआजोबांनी त्याला लहानाचे मोठे केले.

पुढे साकिचींनी दुसरा विवाह केला, नागोया शहरात बिऱ्हाड थाटले आणि किइचिरोही तेथे राहू लागले. प्रकृतीने ते अशक्त होते, बोलत थोडे, आणि चारचौघांत फारसे मिसळत नसत. अभ्यासात मात्र त्यांनी चिकाटी धरली. सेंदाई येथील शिक्षण संपवून ते टोकियोच्या विद्यापीठात गेले आणि १९२० मध्ये यंत्रविद्येचे पदवीधर झाले. वडिलांचे शालेय शिक्षण जेमतेम प्राथमिक इयत्तांपुरते. जे साधले ते हातांच्या व नजरेच्या बळावर. मुलाच्या हाती आता गणित आले होते आणि आराखडे काढण्याची विद्याही आली होती. १९२१ मध्ये किइचिरो वडिलांच्या सूतगिरणीत दाखल झाले व लवकरच अमेरिका आणि युरोप येथील कारखाने पाहून आले.

त्या काळच्या मागात एक मोठी अडचण असे. धोट्यातील कांडीचे सूत संपले की माग थांबवून धोटा बदलावा लागे. ताण्याचा एखादा धागा तुटला आणि कामगाराचे लक्ष नसले, तर पुढचे सारे कापड सदोष निघे. त्यामुळे थोड्याशा मागांमागे एक माणूस डोळ्यांत तेल घालून उभा ठेवावा लागे. पितापुत्रांनी १९२४ मध्ये जो स्वयंचलित माग पूर्ण केला, त्यात धोटा वेग न मंदावता आपोआप बदलला जाई आणि धागा तुटताच माग स्वतः होऊन थांबे. दोष घडताक्षणीच काम थांबले पाहिजे, म्हणजे सदोष माल पुढे जाणारच नाही, ही या मागातील खरी कल्पना होती. आता एकच कामगार कित्येक माग सांभाळू लागला. हे माग तयार करण्यासाठी १९२६ मध्ये कारिया गावी एक कारखाना निघाला.

इंग्लंडातील ओल्डहॅम येथील प्लॅट ब्रदर्स ही त्या काळी वस्त्रयंत्रांची जगप्रसिद्ध पेढी होती. हा माग पाहून तिलाही त्याचा मोह पडला. १९२९ मध्ये किइचिरो स्वतः इंग्लंडला गेले आणि एक लाख पौंडांच्या बदल्यात मागाच्या हक्कांचा करार करून परतले. ज्या इंग्लंडने यंत्रे जगाला विकावयाची, त्याने जपानी माणसाची विद्या विकत घ्यावी, ही साधी गोष्ट नव्हती. पण किइचिरोंच्या मनात या प्रवासात वेगळेच विचार घोळत होते. मागांच्या धंद्याची भरभराट कायम टिकणार नाही, असे त्यांना वाटू लागले होते, आणि अमेरिकेत त्यांनी रस्तोरस्ती मोटारी धावताना पाहिल्या होत्या. ३० ऑक्टोबर १९३० रोजी साकिचींचे निधन झाले. आपण माग केले, मुलाने मोटारी कराव्यात, असे त्यांनाही वाटत होते.

सुताचा धागा आणि लोखंडाची मोटार यांचा परस्परांशी संबंध काय, असे कोणासही वाटेल. त्या काळच्या जपानातील धनिकांनाही असेच वाटले. सप्टेंबर १९२३ मध्ये भूकंपाने टोकियो उद्ध्वस्त झाले, रूळ उखडले, तेव्हा लोकांची ने-आण करण्यासाठी शहराने अमेरिकेहून शेकडो फोर्ड मोटारींचे सांगाडे आणवून त्यांच्या बसगाड्या बनविल्या. मोटारीचे मोल जपानला त्या वेळी कळले. त्याबरोबर फोर्ड कंपनीने १९२५ मध्ये योकोहामा येथे व जनरल मोटर्सने १९२७ मध्ये ओसाका येथे कारखाने काढले. अमेरिकेहून सुटे भाग यावेत व जपानात ते जोडावेत, एवढेच तेथे चाले. या बलाढ्य कंपन्यांशी टक्कर देण्याचे धाडस देशातील मोठमोठ्या भांडवलदार घराण्यांनीही केले नाही. किइचिरोंचे मेहुणे रिझाबुरो हे मागांच्या कारखान्याचे प्रमुख होते. प्रारंभी त्यांनाही हा मार्ग धोक्याचा वाटला, आणि त्यांचे काही चुकले होते असे म्हणता येणार नाही.

किइचिरोंनी मागांच्या कारखान्यातच एका कोपऱ्यात एक लहानसे एंजिन उलगडून पाहिले व तसे दुसरे तयार केले. सप्टेंबर १९३३ मध्ये त्याच कारखान्यात मोटारीचा स्वतंत्र विभाग उघडण्यात आला. एक शेव्हरोले मोटार विकत आणून तिचा खिळा न् खिळा सुटा करण्यात आला, प्रत्येक भागाचे माप घेण्यात आले. परंतु माप घेणे निराळे आणि तो भाग घडविणे निराळे. मागाचे ओतकाम करणाऱ्या कुशल कारागिरांनाही एंजिनाचा मुख्य ठोकळा साधेना. त्याच्या आत पोकळ्या असतात. त्यांसाठी वाळूचे गाभे साच्यात बसवावे लागतात. ते जरा हलले की ओतीव वाया. असे शेकडो ठोकळे पुन्हा भट्टीत गेले. अखेर सप्टेंबर १९३४ मध्ये पहिले एंजिन चालले, तर त्याची ताकद मूळ शेव्हरोलेहून कमी भरली! पुन्हा फेरफार झाले. मे १९३५ मध्ये पहिली नमुन्याची मोटार रस्त्यावर आली.

किइचिरो कचेरीत बसून हुकूम सोडणाऱ्यांपैकी नव्हते. एकदा कारखान्यातून जात असता एक कामगार बंद पडलेल्या घासयंत्रापुढे डोके खाजवीत उभा असलेला त्यांनी पाहिला. त्यांनी बाह्या सारल्या, यंत्राच्या तेलाच्या भांड्यात दोन्ही हात घातले आणि ओंजळभर गाळ उपसून काढला. विद्यापीठातून आलेल्या तरुण अभियंत्यांचे हात दिवसातून अनेकदा धुण्याइतके मळले पाहिजेत, असा त्यांचा दंडक होता.

देशाला त्या वेळी मोटारीपेक्षा मालमोटारींची निकड अधिक होती. म्हणून घाईने एक मालमोटार तयार करण्यात आली आणि नोव्हेंबर १९३५ मध्ये टोकियोला तिचे प्रदर्शन ठरले. कारियाहून टोकियोला जाताना वाटेतच तिच्या सुकाणूचा एक भाग मोडला. रातोरात दुरुस्ती करून मंडळी कशीबशी प्रदर्शनाला पोहोचली. हा अपशकुन खराच ठरला. विकलेल्या मालमोटारी रस्त्यात जागोजागी बंद पडू लागल्या. कोठे आस मोडे, कोठे एंजिन रुसे. लोक हसू लागले. अशा वेळी दुसऱ्या एखाद्याने गिऱ्हाइकाच्या वापराला नावे ठेवली असती. किइचिरोंनी मात्र प्रत्येक मोडलेल्या गाडीमागे माणसे धाडली, प्रसंगी स्वतः घटनास्थळी धाव घेतली, गाडी विनामूल्य दुरुस्त करून दिली आणि मोडलेला भाग कारखान्यात आणून तो का मोडला याचा शोध घेतला. त्या नमुन्याच्या गाड्या एकूण ३७९ च निघाल्या. पण त्यांच्या दोषांनी कारखान्याला जे शिकविले, ते शेव्हरोले सुटी करूनही शिकता आले नव्हते.

१९३६ मध्ये मोटारीच्या बोधचिन्हासाठी लोकांकडून सूचना मागविण्यात आल्या. सुमारे सत्तावीस हजार सूचना आल्या. टोयोडा या आडनावाचा अर्थ भरघोस पिकाचे भातशेत असा आहे. त्यातील एक अक्षर बदलून टोयोटा हे नाव निवडण्यात आले. जपानी लिपीत ते आठ रेघांत लिहिता येते आणि आठ हा आकडा जपानात शुभ मानतात. शिवाय ते कानाला ठसठशीत लागते. त्याच वर्षी सरकारने कायदा करून देशी कारखान्यांना संरक्षण दिले. त्यात सैन्याला मालमोटारी मिळाव्यात हा हेतू होता, हे विसरता येत नाही. २८ ऑगस्ट १९३७ रोजी टोयोटा मोटार कंपनी स्थापन झाली. रेशमाचा धंदा बसल्यामुळे ओस पडत चाललेल्या कोरोमो या गावाजवळच्या माळावर १९३८ मध्ये तिचा मोठा कारखाना उभा राहिला.

या कारखान्यासाठी किइचिरोंनी एक नवीच पद्धत योजिली. जो भाग ज्या वेळी लागेल, तो त्याच वेळी आणि लागेल तेवढाच यावा. आधी येऊन कोठारात पडू नये, उशिरा येऊन काम अडवू नये. म्हणजे कोठारांत पैसा अडकत नाही, आणि एखादा भाग सदोष असला तर तो लगेच उघडकीस येतो. परंतु युद्धाच्या काळात कच्चा मालच वेळेवर मिळेना, तेव्हा ही पद्धत गुंडाळून ठेवावी लागली. युद्ध संपण्याच्या आदल्याच दिवशी, १४ ऑगस्ट १९४५ रोजी, बाँब पडून कारखान्याचा काही भाग जमीनदोस्त झाला.

युद्धोत्तर जपानात अन्नाचीच वाण, तेथे मोटार कोण घेणार? कारखान्याने मालमोटारी केल्या, तवे व भांडीही केली. किइचिरोंनी लहान मोटारीचा ध्यास मात्र सोडला नाही. १९४७ मध्ये अशी एक मोटार तयार झाली. पुढच्या वर्षी नागोया ते ओसाका या मार्गावर तिची आगगाडीशी शर्यत लावण्यात आली आणि रस्ते वाईट असूनही ती आगगाडीच्या ४६ मिनिटे आधी पोहोचली.

हा आनंद फार टिकला नाही. १९४९ मध्ये महागाई रोखण्यासाठी सरकारने खर्च आवळले, पैसा दुर्मीळ झाला, विकलेल्या गाड्यांचे हप्ते थकले. कंपनी बुडण्याच्या बेतात आली. त्या वर्षाच्या अखेरीस किइचिरोंनी कामगारांशी करार केला. कामगारांनी पगारात दहा टक्के कपात सोसावी आणि त्याच्या बदल्यात कोणालाही कामावरून काढले जाणार नाही, असा तो होता. दरम्यान बँकांनी कर्ज दिले, परंतु विक्रीची कंपनी वेगळी काढावी आणि कामगार कमी करावेत, अशा अटी घातल्या. अटी मानल्या नाहीत तर कारखाना बंद पडून सर्वांचीच भाकर जाणार होती. मानल्या तर दिलेला शब्द मोडणार होता. एप्रिल १९५० मध्ये कपात जाहीर झाली आणि संप पेटला. ज्यांच्या शेजारी उभे राहून त्यांनी यंत्रांतील गाळ उपसला होता, तेच कामगार आता त्यांना वचनभंगाचा जाब विचारीत होते, आणि त्यांच्या प्रश्नाला उत्तर नव्हते. किइचिरोंची प्रकृती रक्तदाबाने आधीच खालावली होती. ५ जून १९५० रोजी त्यांनी अध्यक्षपदाचा राजीनामा दिला. संप मिटला, सुमारे दोन हजार माणसे कारखाना सोडून गेली.

दैवाची गती विचित्र असते. राजीनाम्यास अवघे वीस दिवस झाले आणि कोरियात युद्ध भडकले. अमेरिकन सैन्याला मालमोटारी हव्या होत्या. जुलैमध्येच हजार गाड्यांची मागणी आली आणि कंपनी सावरली. नवे अध्यक्ष ताइझो इशिदा यांनी किइचिरोंना परत येण्याची विनंती केली. ते राजीही झाले. परंतु पद स्वीकारण्यापूर्वीच, २७ मार्च १९५२ रोजी, मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचे निधन झाले. त्यांचे वय सत्तावन्न वर्षांचे होते.

१९५५ च्या जानेवारीत क्राऊन ही मोटार निघाली. जपानचे इतर कारखाने त्या वेळी परदेशी कंपन्यांशी करार करून मोटारी बनवीत. ही संपूर्णपणे देशी आराखड्याची होती. १९५७ मध्ये ती अमेरिकेस पाठविली, तर तेथील लांबच लांब रस्त्यांवर तिचे एंजिन तापले व ती खडखडली. पुन्हा माघार, पुन्हा दुरुस्ती. नेमक्या वेळी नेमका भाग, ही किइचिरोंची गुंडाळून ठेवलेली पद्धत ताइइची ओनो यांनी कारखान्यात पूर्णत्वास नेली, आणि पुढे देशोदेशीचे अभियंते ती शिकावयास येऊ लागले. कोरोमो गावाने १९५९ मध्ये आपले नाव बदलून टोयोटा असे ठेवले. १९६६ मध्ये कोरोला मोटार निघाली, आणि न बिघडणारी गाडी असा टोयोटाचा लौकिक जगभर पसरला. लोखंडी नांगर घडवून उद्योग उभारणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या घराण्याशीही या कंपनीचे नाते जुळले; तेही आधी सूतकताईच्या यंत्रांमुळे, आणि १९९७ पासून बंगळुरूजवळील बिडदी येथील मोटारींच्या कारखान्यामुळे.

या लौकिकाला सर्वांत मोठा धक्का २००९ व २०१० मध्ये बसला. गाडीचा वेग आवरेनासा होण्याच्या भीतीने ऐंशी लाखांहून अधिक मोटारी परत बोलवाव्या लागल्या. कंपनी वाढीच्या घाईत पडली होती, हे उघड झाले. त्या वेळी किइचिरोंचे नातू आकिओ टोयोडा कंपनीचे अध्यक्ष होते. २४ फेब्रुवारी २०१० रोजी ते वॉशिंग्टन येथे अमेरिकन संसदेच्या समितीपुढे हजर झाले. प्रत्येक गाडीवर आपल्या घराण्याचे नाव आहे, असे सांगून त्यांनी अपघातग्रस्तांची क्षमा मागितली.