पित्याचे श्रवण, पुत्राचे गान : पंडित मल्लिकार्जुन मन्सूर

बाराव्या शतकात कल्याणनगरीत उत्पात झाल्यानंतर शरणांचा एक समुदाय वचनांच्या पोथ्या प्राणांपलीकडे जपत सह्याद्रीच्या घनदाट अरण्यात आला आणि त्यांचे धुरीण चन्नबसवण्णा यांनी उळवी येथे देह ठेवला, अशी परंपरा आहे. चन्नबसवण्णा हे अक्क नागम्मांचे पुत्र होत. मातेच्या मांडीवर जे संस्कार झाले, तेच पुढे ज्ञानरूपाने प्रकट झाले, असे भाविक मानतात. अपत्याच्या ठिकाणी जे फुलते, त्याचे बीज बहुधा मातापित्यांच्या आवडीत दडलेले असते, हा या क्षेत्राचा एक मूक उपदेशच म्हणावा. माघ महिन्यातील यात्रेस धारवाड आणि बेळगाव प्रांतांतील शेतकरी बैलगाड्या जुंपून या रानवाटेने उळवीस येतात. त्याच धारवाड प्रांतातील एका शेतकरी कुळात हा उपदेश सार्थ करणारे एक पितापुत्र होऊन गेले. पित्याचे नाव भीमरायप्पा. पुत्र म्हणजे जयपूर-अत्रौली गायकीचे थोर उपासक पंडित मल्लिकार्जुन मन्सूर.

धारवाडनजीकच्या मन्सूर या लहानशा गावी ३१ डिसेंबर १९१० रोजी मल्लिकार्जुनांचा जन्म झाला. भीमरायप्पा हे गावचे पाटील, व्यवसायाने शेतकरी. मातेचे नाव नीलम्मा. चार बंधू आणि तीन भगिनी असा मल्लिकार्जुनांचा भावंडांचा परिवार होता. घरात मोठी विद्वत्ता नव्हती आणि गायकांची पिढीजात परंपराही नव्हती. पण भीमरायप्पांना गाण्याचे विलक्षण वेड होते. स्वतः गवई नसूनही ते संगीताचे निस्सीम चाहते आणि आश्रयदाते होते. नांगर, बी-बियाणे, सारा आणि गावचा कारभार यांत दिवस घालविणाऱ्या या गृहस्थाने गाणे ही आपल्या संसारातील एक आवश्यक वस्तू मानली, आणि मुलांच्या कानांवर सूर पडत राहिले.

तो काळ आणि तो प्रदेश या आवडीस अनुकूल होता. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होते. मराठी संगीत रंगभूमीचे आद्य प्रवर्तक अण्णासाहेब किर्लोस्कर हे बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. १८८० साली त्यांनी रंगभूमीवर आणलेल्या शाकुंतलापासून जी परंपरा चालू झाली, तिच्या नाटकमंडळ्या हुबळी-धारवाडपर्यंत मुक्काम करीत. मिरजेस राहिलेले अब्दुल करीम खाँसाहेब या बाजूस वारंवार येत, आणि त्यांचेच शिष्य सवाई गंधर्व हे धारवाड प्रांतातील कुंदगोळचे. कन्नड आणि मराठी या दोन्ही भाषा जेथे एकाच बाजारात बोलल्या जात, तेथे संगीतास भाषेची वेस आडवी आली नाही. खेड्यांतून रात्रभर चालणारे खेळ, देवळांतील भजने आणि शहरातील नाटके या सर्वांनी मिळून रसिक पाटलांची एक पिढी घडविली. भीमरायप्पा हे त्या पिढीचे प्रतिनिधी होत.

रसिकता अनेकांच्या ठायी असते. पण तिच्यासाठी काही सोडावे लागले, म्हणजे तिची परीक्षा होते. भीमरायप्पांचे ज्येष्ठ पुत्र बसवराज यांनी नाटकमंडळी काढली होती. नाटकात काम करणाऱ्यांकडे प्रतिष्ठित घराण्यांनी संशयाने पाहावे, असा तो काळ. पाटलाच्या मुलाने तोंडास रंग लावावा, हे सहज खपण्यासारखे नव्हते. तरीही वयाच्या नवव्या वर्षी मल्लिकार्जुनांनी बंधूंच्या नाटकात एक लहानसे काम केले, आणि मुलाच्या कंठात काय आहे, हे पित्याच्या सरावलेल्या कानांनी अचूक ओळखले. त्यांनी त्यास एका फिरत्या नाटकमंडळीत पाठविले. लहान वयाचे पोर परक्या माणसांच्या हाती देऊन गावोगाव फिरू देणे, त्याच्या शाळेवर आणि शेतीवरील हातावर पाणी सोडणे, आणि या सर्वाचे फळ पदरात पडेलच अशी खात्री नसणे, असा हा त्याग होता. आपल्या अपत्याची कीर्ती व्हावी, हा हेतू त्यामागे असेलही. पण केवळ कीर्तीच्या लोभाने कोणी पाटील तेव्हा आपला मुलगा नाटकात घालीत नसे, कारण तेथे कीर्तीपेक्षा अपकीर्तीचाच संभव अधिक होता. ज्या सुरांवर आपले प्रेम आहे, त्या सुरांच्या सेवेत आपले मूल जावे, एवढीच सरळ भावना तेथे प्रबळ ठरली.

तो विश्वास फुकट गेला नाही. मंडळीच्या चालकांना मुलाचा कोवळा, गोड आवाज आवडला आणि त्यांनी त्यास निरनिराळ्या प्रकारची पदे गाण्याची संधी दिली. असा एक प्रयोग ऐकून अप्पय्या स्वामी यांनी त्यास जवळ केले. त्यांच्यापाशी मल्लिकार्जुनांस कर्नाटक संगीताचे आरंभीचे शिक्षण मिळाले. पुढे मिरजेचे नीळकंठबुवा अलूरमठ यांनी त्यांस हिंदुस्थानी पद्धतीची तालीम दिली. नीळकंठबुवा हे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे शिष्य. उत्तरेतून ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणून ती येथे रुजविण्याचे श्रेय बाळकृष्णबुवांस दिले जाते. गदगचे पंचाक्षरी गवई हेही नीळकंठबुवांपाशी शिकले होते. म्हणजे मन्सूरच्या पाटलाचा मुलगा ज्या पायरीवर येऊन बसला, ती पायरी पुष्कळ पावलांनी झिजून पवित्र झालेली होती. राग स्वच्छ मांडणे, बंदिशीचे अंग सांभाळणे आणि लयीशी इमान राखणे हा ग्वाल्हेरचा पाया मिरजेत भक्कम झाला.

येथवरच्या शिक्षणावर एखाद्या गायकाने सुखाने आयुष्य काढले असते. परंतु मल्लिकार्जुनांच्या मनास स्वस्थता नव्हती. जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक अल्लादिया खाँसाहेब यांनी कोल्हापूर दरबारच्या आश्रयाने आपली गायकी महाराष्ट्रात प्रतिष्ठित केली होती. लयीच्या प्रत्येक मात्रेशी गुंफलेली स्वररचना, अखंड दमसास, वळणावळणांच्या तानांची गुंतागुंत आणि अनवट व जोडरागांचा संग्रह ही तिची वैशिष्ट्ये. ही विद्या दुर्मीळ होती आणि सहजासहजी दिली जात नसे. अल्लादिया खाँसाहेबांचे पुत्र मंजीखाँ यांनी मल्लिकार्जुनांचा शिष्य म्हणून स्वीकार केला. त्यांच्या गाण्याने या शिष्याचे अंतःकरण असे व्यापून टाकले की, पूर्वी शिकलेले सर्व काही त्याला नव्याने शिकावेसे वाटू लागले.

येथेच मल्लिकार्जुनांच्या आयुष्यातील मोठा आघात आला. १९३७ साली मंजीखाँ अकाली निवर्तले. तालीम अर्धीच राहिली. गायकी पोथीत लिहून ठेवलेली नसते. ती गुरूच्या कंठातून शिष्याच्या कंठात उतरते, आणि मध्येच एक कंठ मावळला म्हणजे दुसऱ्यास दिशाच उरत नाही. अशा प्रसंगी अनेकजण मिळाले तेवढ्यावर संतोष मानतात. मल्लिकार्जुनांनी तसे केले नाही. त्यांनी मंजीखाँचे धाकटे बंधू भूर्जीखाँ यांचे शिष्यत्व पत्करले आणि पुन्हा पहिल्या पायरीपासून विद्या घेतली. नाव झालेल्या गायकाने पुन्हा विद्यार्थी होणे ही सोपी गोष्ट नव्हे. बालपणी पित्याने त्यांस ऐकण्याची जी दीक्षा दिली होती, तिचे मोल या वेळी कळून येते. ज्यास नम्रपणे ऐकता येते, त्यासच पुन्हा शिकता येते.

त्याच काळात ध्वनिमुद्रणाचे नवे साधन देशात पसरत होते. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटांचे गाणे मावत असे. ज्या रागाचा विस्तार करण्यास तास पुरू नये, त्याचे सार तीन मिनिटांत सांगावे लागे. मल्लिकार्जुनांच्या तबकड्या एच.एम.व्ही. कंपनीने काढल्या, आणि पुढे त्याच कंपनीचे संगीत-दिग्दर्शक म्हणूनही त्यांनी काम केले. ज्यांना मुंबई-पुण्याची बैठक कधीच पाहावयास मिळाली नसती, अशा खेड्यांतील कुटुंबांनी फोनोच्या कर्ण्यापाशी बसून हे गाणे ऐकले. भीमरायप्पांसारख्या रसिक गृहस्थास पूर्वी गाण्यासाठी गायकाची वाट पाहावी लागे. आता गाणेच घरी चालून येऊ लागले. पुढे धारवाडच्या आकाशवाणी केंद्राचे संगीत-सल्लागार या नात्याने मल्लिकार्जुनांनी हेच कार्य अधिक व्यापक केले. एका पित्याच्या ओटीवर जे सुख मावत होते, ते पुत्राच्या योगाने सहस्रावधी ओट्यांवर पोचले.

बैठकीत त्यांचे गाणे विलक्षण एकाग्र असे. शुद्ध नट, आसा जोगिया, हेम नट, लच्छासाख, खट, शिवमत भैरव, बिहारी, संपूर्ण मालकंस, बहादुरी तोडी असे अनवट राग ते परिचित रागांच्याच सहजतेने गात. दुर्मीळ राग गावा आणि श्रोत्यांस चकित करावे, ही वृत्ती तेथे नव्हती. रागाचे स्वरूप प्रथम क्षणीच स्पष्ट व्हावे आणि नंतर ते सलग उलगडत जावे, अशी त्यांची रीत होती.

शास्त्रीय गायनाइतकीच भक्ती त्यांनी शरणांच्या वचनांस वाहिली. बाराव्या शतकातील शरणांत सकलेश मादरस आणि किन्नरी ब्रह्मय्या यांच्यासारखे नादोपासक होते. त्यामुळे वचन आणि स्वर यांचे नाते नवीन नव्हे. बसवण्णा, अक्कमहादेवी आदींची वचने रागांत बसवून गाताना मल्लिकार्जुनांनी शब्दाचा अर्थ तानेखाली दडपू दिला नाही. धारवाडच्या मुरुघामठाचे मृत्युंजय अप्पा यांच्या चरणी त्यांची अढळ निष्ठा होती. धारवाडातील आपल्या घरास त्यांनी मृत्युंजय हेच नाव दिले. ललाटी विभूती धारण करून हातात तंबोरा घेणारे आणि मुसलमान उस्तादांची विद्या गुरुप्रसाद म्हणून शिरोधार्य मानणारे हे गृहस्थ भेदाभेदांच्या पलीकडे गेलेल्या शरणवृत्तीचे उदाहरणच होते.

कीर्ती मात्र त्यांच्या दारी सावकाश आली. पद्मश्री मिळाली ती १९७० साली, साठीच्या उंबरठ्यावर. त्यानंतर संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार १९७१ साली, पद्मभूषण १९७६ साली, मध्य प्रदेश शासनाचा कालिदास सन्मान १९८१ साली, अकादमीची रत्नसदस्यता १९८२ साली आणि पद्मविभूषण १९९२ साली, असे सन्मान क्रमाने लाभले. आयुष्याची पहिली सहा दशके मोठ्या राष्ट्रीय गौरवाविना, केवळ साधनेत गेली. फळ लवकर मिळावे म्हणून रोप उपटून मुळे पाहणारा शेतकरी शहाणा नव्हे. मन्सूरचे हे कूळ शेतकऱ्याचे होते आणि पेरणी व सुगी यांतील अंतर त्यास ठाऊक होते.

पित्याकडून मिळालेले हे ऋण त्यांनी स्वतः पिता होऊन फेडले. पत्नी गंगम्मा, सात कन्या आणि एक पुत्र असा त्यांचा संसार होता. पुत्र राजशेखर मन्सूर हे कर्नाटक विद्यापीठात इंग्रजीचे अध्यापन करीत असूनही पित्यामागे तंबोरा घेऊन बसत, त्यांच्या स्वरात स्वर मिळवीत आणि घराण्याची गायकी जपत. २०१२ सालचा अकादमी पुरस्कार त्यांस लाभला आणि २०२२ साली त्यांचे निधन झाले. पित्याचे नन्न रसयात्रे हे कन्नड आत्मचरित्र त्यांनीच इंग्रजीत आणले. कन्या नीला कोडली याही गायिका म्हणून प्रसिद्धीस आल्या. सर्वच अपत्ये गवई झाली नाहीत. कोणत्याही घरी तसे होत नाही. परंतु भीमरायप्पांच्या आवडीने ज्या घरी पाऊल टाकले, तेथून गाणे पुढील दोन पिढ्यांत हलले नाही.

१२ सप्टेंबर १९९२ रोजी धारवाड येथे मल्लिकार्जुनांनी इहलोकीची यात्रा संपविली. ज्या घरात त्यांनी साधना केली, ते घर पुढे त्यांचे स्मारक झाले.

शार्ङ्गदेवांनी तेराव्या शतकात देवगिरी येथे रचलेल्या संगीतरत्नाकरात गायकाच्या गुणदोषांबरोबर सभेत बसणाऱ्यांचीही लक्षणे दिली आहेत. याचा अर्थ असा की, ऐकणारा हाही संगीताचा एक आधारस्तंभच होय. भीमरायप्पांच्या नावे एकही तबकडी नाही, एकही पदवी नाही, आणि मोठ्या सभागृहाच्या भिंतीवर त्यांचे चित्रही कोणी शोधणार नाही. तथापि त्यांनी नाटकाच्या तंबूकडे बोट धरून नेलेल्या बालकाच्या मागे पाहिले, तर पहिला श्रोता म्हणून तेच उभे दिसतात. मठाच्या भजनास मुलाबाळांसह बसणारे, उत्सवातील गायनासाठी दूरच्या गावाहून येणारे आणि घरी सायंकाळी वचने म्हणवून घेणारे जे असंख्य मातापिता आहेत, त्यांचे आसन याच पाटलांच्या शेजारी आहे. आपल्या मांडीवरील मूल मोठे गायक होईल किंवा न होईल. त्याच्या कानांत चांगला सूर घालणे एवढे मात्र प्रत्येक मातापित्याच्या हाती आहे, आणि ती सेवा श्रीचरणी निश्चित रुजू होते.