श्वासाचा शास्त्रज्ञ : जॉन स्कॉट हॉल्डेन

आपण मिनिटाला बारा ते सोळा वेळा श्वास घेतो. परंतु त्याची जाणीव आपणांस क्वचितच होते. खाणीत उतरणाऱ्या कामगाराला किंवा सागरतळी जाणाऱ्या पाणबुड्याला मात्र प्रत्येक श्वास मोलाचा असतो. अशांच्या प्राणरक्षणासाठी जॉन स्कॉट हॉल्डेन या शास्त्रज्ञाने स्वतःची फुप्फुसे पणाला लावली.

हॉल्डेन यांचा जन्म १८६० च्या मे महिन्यात स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे झाला. तेथेच १८८४ साली त्यांनी वैद्यकाची पदवी मिळविली. पुढे डंडी शहरी गोरगरिबांच्या दाटीवाटीच्या घरांतील हवा त्यांनी तपासली आणि श्वसन हाच त्यांचा जन्माचा विषय झाला. ऑक्सफर्ड ही त्यांची कर्मभूमी.

खाणींतील स्फोटांत मृत्यू पावलेल्या कामगारांविषयी त्यांनी १८९६ साली अहवाल सादर केला. बहुतेकांचा बळी स्फोटाने नव्हे, तर मागाहून पसरणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूने घेतला होता. या वायूला ना रंग, ना वास. त्याचा परिणाम जाणण्यासाठी हॉल्डेन यांनी आदल्याच वर्षी तो स्वतः श्वासावाटे घेऊन आपले रक्त तपासले होते. चिमुकल्या प्राण्यांवर या विषाचा परिणाम लवकर होतो. म्हणून खाणीत उंदीर किंवा कॅनरी पक्षी न्यावा, असे त्यांनी सुचविले. ब्रिटनमधील खाणींत कॅनरी १९८६ पर्यंत सोबतीला होते.

श्वासाचा वेग मुख्यतः रक्तातील कार्बन डायऑक्साइड ठरवितो, हे त्यांनी प्रीस्टली या सहकाऱ्यासह १९०५ साली दाखविले. म्हणजे श्वसनयंत्रात प्राणवायू भरपूर असला, तरी उच्छ्वासातील हा वायू काढून टाकला नाही, तर माणूस धापा टाकू लागतो. पाणबुड्यांनी खोल पाण्यातून टप्प्याटप्प्याने वर यावे, यासाठी त्यांनी बकऱ्यांवर प्रयोग करून कोष्टके सिद्ध केली. ती १९०८ साली प्रसिद्ध झाली.

१९१५ च्या एप्रिलमध्ये ईप्र येथील रणांगणावर जर्मन सैन्याने क्लोरीन वायू सोडला. हॉल्डेन तातडीने फ्रान्सला गेले. क्लोरीन भरलेल्या लहानशा कोठडीत ते, त्यांचे पुत्र व सहकारी शिरले; मुखवट्यासह आणि मुखवट्याविना श्वास घेऊन त्यांनी फरक पडताळला. छातीत आग होई, खोकल्याची उबळ थांबत नसे. पण सैनिकाला द्यावयाच्या साधनाची परीक्षा आधी आपण द्यावी, हा त्यांचा बाणा होता.

१९३६ च्या मार्चमध्ये ऑक्सफर्ड येथे त्यांचे निधन झाले. त्यांचे पुत्र जे. बी. एस. हॉल्डेन हे थोर जीवशास्त्रज्ञ. ते १९५७ साली भारतात आले, येथील नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वर येथे निवर्तले.

आज श्वसनसाधनांची परीक्षा कृत्रिम फुप्फुसे घेतात. त्यांतील दट्ट्या माणसाच्या लयीत हवा आत ओढतो व बाहेर सोडतो. त्या हवेला ऊब व ओलावा दिला जातो, आणि तीत कार्बन डायऑक्साइड मिसळला जातो. साधन सदोष निघाले, तरी कोणी गुदमरत नाही. मात्र त्या यंत्राने कसा श्वास घ्यावा, हे ठरविणारे ज्ञान हॉल्डेन यांच्यासारख्यांनी स्वतः गुदमरून मिळविले आहे.