इमाम-ए-आजम आणि नशेतला शब्द

रमजानच्या पहिल्या आठवड्यात मशिदीच्या इमामसाहेबांकडे येणारे प्रश्न जवळपास ठरलेले असतात. विसरून पाणी प्यायलो, रोजा गेला का? वुजू करताना चूळ भरली आणि घोटभर पाणी घशाखाली उतरले, आता काय करायचे? कुणी जबरदस्तीने खाऊ घातले तर? हनफी फिकहप्रमाणे विसरून खाल्ले-प्यायले तर रोजा तुटत नाही. रोजा लक्षात असताना चुकून पाणी उतरले किंवा कुणी बळजबरी केली, तर रोजा तुटतो, पण नंतर एकाच्या बदल्यात एकच रोजा ठेवायचा असतो. जो भानावर राहून, स्वतःच्या मर्जीने भरदिवसा जेवला, त्याच्यावर मात्र कजाबरोबर कफ्फाराही येतो, म्हणजे सलग 60 रोजे, आणि ते झेपत नसतील तर 60 गरिबांना जेवण. घास एकच असतो, पण खाणाऱ्याचे भान किती होते आणि मर्जी किती होती, यावरून हिशेब बदलतो.

हा हिशेब ज्यांच्या नावाने आपल्यापर्यंत आला ते इमाम अबू हनीफा. महाराष्ट्रातले बहुसंख्य मुसलमान त्यांच्याच मार्गाने नमाज पढतात. कोकणातले आपले भाऊबंद मात्र इमाम शाफईंचे अनुयायी आहेत. तरावीहच्या सफेत दोघे खांद्याला खांदा लावून उभे राहतात, हा भाग वेगळा.

त्यांचे मूळ नाव नुअमान बिन साबित. जन्म हिजरी 80, म्हणजे इसवी सन 699 मध्ये, इराकमधल्या कुफा शहरात. आजोबा काबूलकडचे, असे बहुतेक चरित्रकार सांगतात. घरचा व्यवसाय रेशमी कापडाचा होता आणि तो त्यांनी आयुष्यभर सोडला नाही. ज्ञानावर पोट भरायचे नाही, ही त्यांची शिस्त होती. त्यांच्या दुकानातला एक प्रसंग प्रसिद्ध आहे. भागीदार हफ्स यांच्याकडे माल पाठवताना एका कापडात दोष आहे आणि तो गिऱ्हाइकाला दाखवूनच विकायचा, असे इमामांनी बजावले होते. हफ्स विसरले. कापड विकले गेले आणि कुणाला विकले तेही आठवेना. इमामांनी त्या सगळ्या मालाची रक्कम दान करून टाकली. गिऱ्हाइकाने पैसे राजीखुशीने मोजले होते, पण दोष ठाऊक नसताना दिलेला होकार इमामांच्या लेखी पुरा होकार नव्हता. त्यांच्या कायद्याच्या विचाराकडे जायला मला ही घटना फार उपयोगी वाटते.

हम्माद बिन अबी सुलैमान या गुरूंकडे ते 18 वर्षे शिकले. हिजरी 120 मध्ये गुरू वारले आणि कुफ्याच्या मशिदीतली ती जागा शिष्याकडे आली. त्यांची शिकवण्याची रीत वेगळी होती. एक प्रश्न मांडायचा, शिष्यांना त्यावर भांडू द्यायचे आणि मग निर्णयाकडे यायचे. यातून अबू युसूफ आणि मुहम्मद शैबानी यांच्यासारखे शिष्य घडले, जे पुढे अनेक बाबतींत गुरूच्या विरुद्ध मत देऊन मोकळे झाले. हनफी ग्रंथ ती मते गुरूच्या मताशेजारीच नोंदवतात. मतभेद म्हणजे बेअदबी असे मानणाऱ्यांनी हे ग्रंथ एकदा उघडून पाहावेत.

इमामांच्या शेजारी एक मोची राहत असे. दिवसभर काम करायचा, संध्याकाळी मांस किंवा मासळी घेऊन घरी यायचा, दारू प्यायचा आणि आपल्या माणसांनी आपली किंमत ठेवली नाही, अशा अर्थाचे एक जुने काव्य मोठ्याने गात झोपी जायचा. भिंतीपलीकडे इमाम रात्रीची नमाज पढत असत. एका रात्री आवाज आला नाही. चौकशी केली तेव्हा कळले, गस्तीच्या शिपायांनी त्याला पकडून नेले होते. फजरची नमाज होताच इमाम खेचरावर बसून थेट अमीराकडे गेले. अमीराने इमामांच्या मानाखातर त्या मोच्याबरोबर त्या रात्री पकडलेल्या सगळ्यांनाच सोडून दिले. परतताना इमामांनी मोच्याला विचारले, की आम्ही तरी तुझी किंमत ठेवली की नाही. त्या माणसाने नंतर दारू सोडली.

ही गोष्ट वाजात दरवर्षी ऐकायला मिळते. पण याच इमामांनी दारूच्या कायद्यावर काय म्हटले, ते क्वचितच सांगितले जाते. दारू हराम, यात वाद नाही. हनफी मतात पिणाऱ्याला 80 फटके ही शिक्षा आहे. मात्र नशेत असणे म्हणजे नेमके काय, याची इमामांची व्याख्या फार कडक होती. आकाश आणि जमीन, पुरुष आणि स्त्री यांतला फरकही कळेनासा झाला, तर तो शिक्षेपुरता नशेत. दोन्ही शिष्यांना बोलण्यातली बडबड पुरेशी वाटली. इमामांची व्याख्या आरोपीच्या बाजूला झुकते, कारण शंकेचा फायदा आरोपीला द्यायचा हे त्यांचे सूत्र होते. शिक्षा नशा उतरल्यावरच द्यायची. नशेत असलेल्याने चोरी किंवा व्यभिचाराचा गुन्हा कबूल केला, तरी त्या जबाबावर हद्दची शिक्षा होत नाही. पण त्याच अवस्थेत दुसऱ्याचे देणे कबूल केले, तर ते त्याच्यावर बंधनकारक.

यामागचा विचार मला असा दिसतो: नशा स्वतः ओढवून घेतली असेल तर तिचे ओझे पिणाऱ्याने वाहायचे, दुसऱ्याच्या हक्कावर ते टाकायचे नाही. कुणी बळजबरीने पाजले किंवा औषधातून शुद्ध गेली, तर मात्र तो माफ. आपल्या देशाच्या कायद्यातही हाच भेद आहे. 1860 च्या भारतीय दंड संहितेतली कलमे 85 आणि 86 आता भारतीय न्याय संहितेत 23 आणि 24 झाली आहेत. नकळत किंवा इच्छेविरुद्ध नशा चढवली गेली आणि आपण काय करतो आहोत हे समजण्याची ताकदच उरली नाही, तर बचाव मिळतो; स्वतःहून प्यायलेल्याला तो मिळत नाही. कलम 28 तर दुसऱ्या बाजूने सांगते, की नशेमुळे ज्याला आपण कशाला हो म्हणतो आहोत हे कळत नाही, त्याचा होकार हा होकारच नव्हे. म्हणजे पिऊन अत्याचार करणाऱ्याला दारूची ढाल नाही आणि शुद्धीत नसलेल्या मुलीने नाही म्हटले नव्हते, हा युक्तिवादही चालत नाही.

स्त्रीच्या होकाराबाबत इमाम त्यांच्या काळाच्या पुढे होते. सज्ञान, समजदार स्त्री वलीशिवाय स्वतःचा निकाह स्वतः करू शकते, हे त्यांचे मत. बाकीच्या तिन्ही इमामांनी ते मान्य केले नाही. आजही निकाहच्या वेळी वकील आणि साक्षीदार मुलीकडे जाऊन तिचा होकार विचारतात. अनेक घरांत तो उपचार उरला आहे, पण त्यामागे कुफ्याच्या त्या मशिदीतला वाद आहे.

आणि इथेच मी अडतो. स्वतःहून प्यायलेल्या नवऱ्याने नशेत तलाक दिला, तर हनफी मतात तो लागू होतो. कारण असे, की अक्कल त्याने पाप करून घालवली, म्हणून अक्कल आहे असेच धरायचे; त्याला धडा मिळावा. पण धडा कोणाला मिळतो? सकाळी डोके धरून उठणाऱ्या नवऱ्याचे घर जागेवरच असते. बोचके बांधून, पोरे घेऊन माहेरी जाणारी बाई ना प्यायलेली असते, ना तिला कुणी काही विचारलेले असते. ओझे पिणाऱ्यावरच ठेवायचे, हा नियम इथे उलटा होतो. हे बोलणारा मी पहिला नाही. तिसरे खलिफा हजरत उस्मान (रजि.) यांच्या मते नशेतला तलाक होतच नाही, आणि इमाम तहावी व इमाम करखी या मोठ्या हनफी विद्वानांनीही तेच मत घेतले. घरातल्या घरात दरवाजा उघडा होता. आपल्याकडच्या मुफ्तींनी तो फारसा वापरला नाही.

त्याची किंमत ओडिशातल्या भद्रक जिल्ह्यातल्या एका जोडप्याने मोजली. 2003 मध्ये नवऱ्याने दारूच्या नशेत तीनदा तलाक म्हटले, शुद्धीवर येताच पस्तावला. दोघांना एकत्र राहायचे होते. गावातल्या जमातीने त्यांना बळाने वेगळे केले. दोघांची मर्जी काय, हे कुणी विचारलेच नाही. शेवटी 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले, की यांना एकत्र राहण्यापासून कुणीही रोखू शकत नाही. पुढे 2017 च्या निकालाने आणि 2019 च्या कायद्याने एका दमात दिलेला तिहेरी तलाकच रद्दबातल ठरला. तुरुंगवासाच्या कलमाबद्दल माझे आक्षेप आहेत, पण नशेतल्या शब्दावर आता कुणाचा संसार मोडत नाही, हे चांगलेच झाले.

इमामांचे स्वतःचे शेवटचे दिवस बळजबरीतच गेले. उमय्या राजवटीत इराकचा सुभेदार इब्ने हुबैरा याने त्यांना पद देऊ केले. त्यांनी नाकारले, म्हणून फटके मारले. चरित्रकार रोज 10 असे एकूण 110 सांगतात. पुढे अब्बासी खलिफा मन्सूर याने बगदाद वसवले आणि इमामांना काजी होण्याचा हुकूम दिला. मी या पदाला लायक नाही, असे इमाम म्हणाले. खलिफाने त्यांना खोटे ठरवले, तेव्हा खोटे बोलणाऱ्याला काजी कसे करता, असा त्यांनी उलट सवाल केला. दुसऱ्याच्या मर्जीने निवाडे देण्याची जबाबदारी त्यांना नको होती. तुरुंगवास आला. हिजरी 150, इसवी सन 767 मध्ये बगदादमध्येच त्यांचे निधन झाले. गर्दी एवढी लोटली, की जनाज्याची नमाज अनेकदा पढावी लागली, असे सांगतात.

जी जमीन मूळ मालकाकडून बळकावलेली असेल तिथे मला पुरू नका, अशी त्यांची वसियत होती. नव्या राजधानीसाठी खलिफाने कुणाकुणाच्या जमिनी घेतल्या, याबद्दल त्यांना खात्री नव्हती. म्हणून त्यांना खैजुरान कब्रस्तानात नेण्यात आले. आज त्या वस्तीला त्यांच्याच नावावरून आजमिया म्हणतात.