आधी श्रद्धा की आधी सेवा? केडगावच्या पंडिता रमाबाईंची वाट

पुणे-सोलापूर रेल्वेमार्गावर दौंड तालुक्यातलं केडगाव लागतं. तिथलं मुक्ती मिशन आजही पंडिता रमाबाईंच्या नावानं ओळखलं जातं. शाळेच्या पुस्तकात रमाबाई समाजसुधारक म्हणून भेटतात. त्या ख्रिस्ती का झाल्या, हे मात्र कुणी फारसं सांगत नाही. सांगितलं तरी अर्धंच.

जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे गाढे विद्वान. बायकोला शिकवलं म्हणून लोकांचा रोष पत्करलेला माणूस. सगळं कुटुंब पुराण सांगत तीर्थोतीर्थी फिरायचं. व्रतं, उपास, दानधर्म, कशात कसूर नव्हती. तरी १८७० नंतरच्या दुष्काळात वडील, आई, बहीण एकापाठोपाठ गेले. भूक काय असते हे रमाबाईंना तेव्हाच कळलं.

१८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ ही पदवी दिली. पुढं लग्न झालं, आणि १८८२ मध्ये नवरा गेला. पदरात लहानगी मनोरमा. पुण्यात आर्य महिला समाज काढून १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या.

तिथं लंडनजवळच्या एका आश्रमात समाजानं टाकून दिलेल्या बायकांची सेवा जोगिणी मायेनं करताना दिसल्या. अशा बायकांना आपल्याकडं दारात कुणी उभं करत नव्हतं. ही माणसं असं का करतात, हा प्रश्न रमाबाईंनी विचारला. उत्तरात त्यांना येशू आणि शोमरोनी बाईची गोष्ट सांगण्यात आली. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला. म्हणजे आधी दिसलं काम, मग पटला विश्वास.

गोष्ट इथं संपत नाही. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं, पुढं ते पुण्यात आणलं. काम जोरात होतं, पण मन शांत नव्हतं. बाप्तिस्मा झाला, चांगली कामं चाललीत, मग आणखी काय हवं? १८९१ च्या सुमारास त्यांना उमगलं, की आपण धर्म स्वीकारला, ख्रिस्ताला नाही. तारण हे कामाची मजुरी म्हणून मिळत नाही, ते फुकट मिळतं, असं त्यांना वाटू लागलं. ख्रिस्ती मंडळींत हा वाद फार जुना आहे. बाईंनी तो स्वतःच्या जिवावर सोडवला.

त्याची किंमत लगेच मोजावी लागली. सदनात धर्म शिकवायचा नाही, असा शब्द दिलेला होता. पण रमाबाईंच्या प्रार्थनेची खोली उघडी असायची आणि मुली आपणहून येऊन बसायच्या. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडलं, पालकांनी मुली काढून नेल्या. त्यांची तक्रार बिनबुडाची नव्हती, पालकांनी विश्वासानं लेकी सोपवल्या होत्या. पण देवापुढं बसताना दाराला कडी लावणं रमाबाईंना जमणारं नव्हतं.

नुसती श्रद्धा धरली की माणूस हातपाय गाळतो, असं काहींना वाटतं. इथं उलटं झालं. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे ३०० मुली-बायका घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध, तेव्हा त्यांना केडगावच्या माळावर आणलं. विहिरी खोदल्या, शेती केली. पुढच्या दुष्काळानंतर माणसं दोन हजारांच्या घरात गेली. विणकाम, छापखाना, शाळा, आंधळ्या मुलींना बोटांनी वाचायचं शिक्षण, आणि फसवल्या गेलेल्या बायकांसाठी कृपा सदन. लंडनजवळ जे पाहिलं होतं, तेच.

शेवटची वर्षं त्यांनी बायबलच्या मराठी भाषांतराला दिली. साध्या बायकांना कळेल अशी भाषा हवी, म्हणून हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. १९२१ मध्ये मनोरमा गेली, तरी काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई केडगावातच वारल्या. ते बायबल १९२४ मध्ये बाहेर पडलं. त्याची छपाई मुक्तीतल्या बायकांनीच केली होती.