१५ एप्रिल १९४७ आणि जॅकी रॉबिन्सन

दरवर्षी १५ एप्रिलला अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलच्या मैदानांवर एक वेगळेच दृश्य दिसते. दोन्ही संघांचे सर्व खेळाडू, प्रशिक्षक आणि पंचसुद्धा पाठीवर एकच क्रमांक घेऊन उतरतात. तो क्रमांक ४२. एरवी तो कोणत्याही संघातील नव्या खेळाडूला दिला जात नाही. १९९७ साली सर्व संघांनी मिळून तो कायमचा राखून ठेवला. हा मान ज्यांच्या स्मरणार्थ दिला जातो ते जॅक रूझवेल्ट रॉबिन्सन, म्हणजेच जॅकी रॉबिन्सन.

इतिहासाच्या दृष्टीने पाहता या तारखेत एक कोडे आहे. १५ एप्रिल १९४७ रोजी रॉबिन्सन यांनी मैदानावर कोणताही मोठा पराक्रम केला नाही. त्यांच्या बॅटीतून त्या दिवशी एकही यशस्वी फटका निघाला नाही. तरीही त्या खेळाच्या इतिहासात या दिवसाइतका मोठा दिवस क्वचितच मानला जातो. असे का, याचे उत्तर त्यांच्या आयुष्यात आहे आणि त्यांच्या समाजाच्या दीर्घ झुंजीतही आहे. म्हणून या स्मरणिकेच्या वाचकांपुढे आम्ही ते चरित्र थोडक्यात मांडत आहोत.

रॉबिन्सन यांचा जन्म ३१ जानेवारी १९१९ रोजी जॉर्जिया राज्यातील कैरो या गावी झाला. घरची माणसे गोऱ्या जमीनदाराची शेती वाट्याने कसणारी. वडील कुटुंब सोडून गेले. आई मॅली यांनी १९२० साली पाच मुलांना घेऊन कॅलिफोर्नियातील पॅसाडेना गाठले आणि लोकांच्या घरी कामे करून मुले वाढवली. जॅकी त्यांत धाकटे. पॅसाडेनात दक्षिणेसारखा उघड जुलूम नव्हता, पण भेद होताच. शहराचा सार्वजनिक पोहण्याचा तलाव कृष्णवर्णीयांना आठवड्यातून एकच दिवस खुला असे. थोरले बंधू मॅक यांनी १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये दोनशे मीटर धावण्यात जेसी ओवेन्स यांच्या पाठोपाठ रौप्यपदक मिळवले. मायदेशी परतल्यावर त्यांच्या हाती झाडू आला आणि ते पॅसाडेनाचे रस्ते झाडू लागले. गुण सिद्ध केला म्हणजे दार उघडतेच असे नाही, हा धडा जॅकी यांना घरातच मिळाला.

लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात बेसबॉल, फुटबॉल, बास्केटबॉल आणि मैदानी स्पर्धा या चारही क्रीडाप्रकारांत प्रावीण्य मिळवणारे ते पहिले विद्यार्थी ठरले. पुढे जीवनसंगिनी झालेल्या रेचेल आयसम यांची ओळखही तेथेच झाली. १९४१ साली पदवी न घेताच त्यांनी विद्यापीठ सोडले. १९४२ मध्ये ते सैन्यात दाखल झाले आणि सेकंड लेफ्टनंट झाले. जुलै १९४४ मध्ये टेक्सासमधील लष्करी छावणीच्या बसमध्ये चालकाने त्यांना मागच्या आसनावर जाण्याचा हुकूम सोडला. रॉबिन्सन यांनी तो मानला नाही. वरिष्ठ अधिकाऱ्यांचा अवमान केल्याचे आरोप ठेवून त्यांच्यावर लष्करी न्यायालयात खटला चालवण्यात आला. ऑगस्टमध्ये ते निर्दोष सुटले. हा प्रसंग वाचकांनी ध्यानात ठेवावा. रॉबिन्सन हे मुकाट्याने सोसणारे गृहस्थ नव्हते.

आता त्या खेळाच्या व्यवस्थेकडे वळू. १८८४ साली मोझेस फ्लीटवुड वॉकर हे कृष्णवर्णीय खेळाडू वरिष्ठ श्रेणीत, म्हणजे मेजर लीगमध्ये, खेळले होते. त्यानंतर मालकांनी आपसांतील समजुतीने ते दार बंद केले. कृष्णवर्णीयांना मनाई करणारा एकही लेखी नियम मेजर लीगमध्ये नव्हता, आणि तेच त्या भिंतीचे बळ होते. नियम लिहिलेला असता तर त्याला आव्हान देता आले असते. नसलेल्या नियमावर दाद मागायची कोणाकडे? कृष्णवर्णीय समाज मात्र हातावर हात ठेवून बसला नाही. १९२० साली रूब फॉस्टर यांच्या पुढाकाराने कॅन्सस सिटीत निग्रो नॅशनल लीग स्थापन झाली. स्वतःचे संघ, स्वतःचे खेळाडू आणि स्वतःचा प्रेक्षक त्यांनी उभा केला. १९४५ साली रॉबिन्सन ज्या कॅन्सस सिटी मोनार्क्स संघातून खेळले, तो याच परंपरेतला.

भिंतीला तडे जाण्याची कारणे अनेक होती. महायुद्धात कृष्णवर्णीय सैनिकांनी रक्त सांडले होते. कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रांनी, विशेषतः पिट्सबर्ग कूरियरचे वेंडेल स्मिथ यांनी, वर्षानुवर्षे हा प्रश्न लावून धरला होता. १९४५ मध्ये न्यूयॉर्क राज्याने नोकरीतील वर्णभेदाविरुद्ध कायदा केला. १६ एप्रिल १९४५ रोजी बॉस्टन रेड सॉक्स संघाने दडपणाखाली रॉबिन्सन यांच्यासह तीन कृष्णवर्णीय खेळाडूंची चाचणी घेतली, पण पुढे बोलावणे आले नाही. ब्रुकलिन डॉजर्सचे प्रमुख ब्रँच रिकी यांनी मात्र निश्चय केला होता. त्यामागे न्यायबुद्धी होती, तसाच उत्तम खेळाडूंचा आणि नव्या प्रेक्षकांचा हिशेबही होता.

२८ ऑगस्ट १९४५ रोजी रिकी यांनी रॉबिन्सन यांना ब्रुकलिनला बोलावून घेतले. पुढे कोणत्या शिव्या ऐकाव्या लागतील, कसे धक्के बसतील, याचा जणू प्रयोगच त्यांनी त्या खोलीत करून दाखवला आणि एक अट घातली: काहीही झाले तरी उलट हात उचलायचा नाही, उत्तर द्यायचे नाही. टेक्सासच्या बसमध्ये हुकूम धुडकावणाऱ्या माणसाला घातलेली ही अट होती. एक चकमक झाली तरी विरोधकांना हवे ते निमित्त मिळेल आणि आपल्यामागून येणाऱ्या सर्वांचे दार पुन्हा लागेल, हे रॉबिन्सन यांनी ओळखले आणि होकार दिला. तो होकार मुदतीचा होता, कायमचा नव्हता.

१९४६ चा हंगाम ते कॅनडातील मॉन्ट्रियल रॉयल्स या डॉजर्सच्या दुय्यम संघातून खेळले. १८ एप्रिलला जर्सी सिटीतील पहिल्याच सामन्यात त्यांनी चार यशस्वी फटके मारले, त्यांत एक होमरन होता. हंगामाअखेर त्यांची सरासरी ०.३४९, म्हणजे त्या लीगमध्ये सर्वाधिक होती. बेसबॉलमध्ये दहांपैकी तीन वेळा यश मिळवणारा फलंदाज उत्तम समजला जातो, एवढे सांगितले म्हणजे या आकड्याचे मोल कळेल.

आणि मग १५ एप्रिल १९४७ उजाडला. ब्रुकलिनच्या एबेट्स फील्ड मैदानावर पंचवीस हजारांहून अधिक प्रेक्षक होते. त्यांपैकी निम्म्याहून अधिक कृष्णवर्णीय होते असे मानले जाते. समोर बॉस्टन ब्रेव्हज हा संघ. पहिल्या बेसवर रॉबिन्सन उभे राहिले. तीन वेळा फलंदाजीला येऊनही त्यांचा एकही फटका सफल झाला नाही. सातव्या डावात डॉजर्स २-३ असे मागे होते. रॉबिन्सन यांनी चेंडूला बॅट हलकेच टेकवून तो जवळच सोडला आणि धाव घेतली. गडबडीत फेकलेला चेंडू त्यांना लागून दूर गेला आणि ते दुसऱ्या बेसवर पोहोचले. पुढच्या फलंदाजाच्या जोरदार फटक्यावर बरोबरीची धाव झाली आणि पाठोपाठ रॉबिन्सन यांनी आघाडीची धाव पूर्ण केली. डॉजर्स ५-३ असे जिंकले. धावफलकावर त्या दिवसाची नोंद एवढीच आहे. पण साठ वर्षांहून अधिक काळ रिकामी ठेवलेली जागा भरली गेली होती.

खरी कसोटी पुढे होती. स्वसंघातील काही खेळाडूंनी त्यांच्याविरुद्ध अर्ज करण्याचा प्रयत्न आधीच करून पाहिला होता. २२ एप्रिलपासून फिलाडेल्फिया फिलीजविरुद्ध सामने झाले, तेव्हा त्या संघाचे व्यवस्थापक बेन चॅपमन आणि त्यांचे खेळाडू यांनी रॉबिन्सन यांच्यावर वर्णद्वेषी शिव्यांचा वर्षाव केला. जीवे मारण्याच्या धमक्यांची पत्रे आली. गोलंदाज मुद्दाम अंगावर चेंडू टाकीत. रॉबिन्सन गप्प राहिले. तो भ्याडपणा नव्हता. ती स्वतःहून पत्करलेली शिस्त होती, आणि तिचा भार रेचेल यांनीही वाहिला. उत्तर द्यायला धावता पाय मोकळा होता. त्या हंगामात त्यांनी २९ बेस चोरले, लीगमध्ये सर्वाधिक, आणि वर्षातील सर्वोत्तम नवोदित खेळाडूचा पहिलाच पुरस्कार त्यांना मिळाला. जुलै १९४७ मध्ये लॅरी डोबी हे क्लीव्हलँड संघातून खेळू लागले. दार पुन्हा लागले नाही.

१९४९ पासून मौनाचे बंधन सुटले. पंचांशी, विरोधकांशी, वृत्तपत्रांशी रॉबिन्सन मोकळेपणी बोलू लागले. त्याच वर्षी त्यांची सरासरी ०.३४२ झाली आणि ते लीगचे सर्वांत मूल्यवान खेळाडू ठरले. मुकाटपणाचे कौतुक करणाऱ्यांना आता ते उद्धट वाटू लागले. आम्हांला हा बदल उद्बोधक वाटतो: सोसणाऱ्याची स्तुती करणारे सगळेच त्याच्या बरोबरीचे स्वागत करतात असे नाही. १९५५ साली डॉजर्सनी पहिले जगज्जेतेपद मिळवले. १९५६ च्या हंगामानंतर रॉबिन्सन निवृत्त झाले.

या विजयाची दुसरी बाजूही इतिहासाने नोंदवली पाहिजे. रॉबिन्सन यांना नेताना रिकी यांनी मोनार्क्सच्या मालकांना मोबदला दिला नाही. उत्तम खेळाडू आणि प्रेक्षक निघून गेले, आणि समाजाने कष्टाने उभ्या केलेल्या लीग काही वर्षांतच मोडकळीस आल्या. बाहेरचे दार उघडताना घरातले घर राखण्याची तजवीज झाली नाही. चाचणी घेऊन परत पाठवणाऱ्या बॉस्टन रेड सॉक्सने तर पहिला कृष्णवर्णीय खेळाडू १९५९ साली खेळवला.

निवृत्तीनंतर रॉबिन्सन एका कॉफी कंपनीत उपाध्यक्ष झाले, नागरी हक्कांच्या चळवळीसाठी त्यांनी निधी जमवला, १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चात भाग घेतला, आणि हार्लेममध्ये कृष्णवर्णीयांच्या मालकीची फ्रीडम नॅशनल बँक उभारण्यात पुढाकार घेतला. १९६० मध्ये त्यांनी निक्सन यांना दिलेल्या पाठिंब्याचा पुढे त्यांनाच पश्चात्ताप झाला. थोरला मुलगा व्हिएतनाम युद्धातून व्यसन घेऊन परतला, त्यातून सावरला आणि १९७१ साली मोटार अपघातात गेला. मधुमेहाने रॉबिन्सन यांची दृष्टी मंदावली होती. १५ ऑक्टोबर १९७२ रोजी त्यांचा जाहीर सत्कार झाला. सत्काराने तृप्त न होता, एखाद्या संघाच्या व्यवस्थापकपदी कृष्णवर्णीय माणूस पाहण्याची इच्छा त्यांनी तेथेच बोलून दाखवली. नऊ दिवसांनी, २४ ऑक्टोबरला, वयाच्या ५३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. ती इच्छा १९७५ साली फ्रँक रॉबिन्सन यांच्या रूपाने पूर्ण झाली. रेचेल यांनी १९७३ मध्ये पतीच्या नावे संस्था स्थापून होतकरू विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या देण्यास प्रारंभ केला.

एप्रिल १९४७ हा आपल्याही इतिहासातला महत्त्वाचा महिना आहे. २९ एप्रिलला दिल्लीत संविधान सभेने अस्पृश्यता नष्ट करणारे कलम स्वीकारले. एका देशात अलिखित नियम मोडला गेला, दुसऱ्या देशात नवा नियम लिहिला गेला. दोन्हींकडे काम तेथे संपले नाही. लिहिलेला हक्क असो वा मोडलेली भिंत, तेथे जाऊन कोणीतरी पहिल्याने उभे राहावे लागते.

आमच्या शाळेतून बाहेर पडलेले अनेकजण आज आपापल्या घराण्यातले पहिले पदवीधर, पहिले अधिकारी, पहिले डॉक्टर आहेत. पहिल्याला चूक परवडत नाही, हा जाच त्यांना ठाऊक आहे. रॉबिन्सन यांचे चरित्र त्यांनी आपल्या मुलांना जरूर सांगावे. सांगताना १५ एप्रिलच्या गप्प राहण्याबरोबर १९४९ चे बोलणेही सांगावे, आणि सत्काराच्या मंचावर उभे असतानाही जी रिकामी जागा त्यांच्या मंद दृष्टीला दिसली, तीही दाखवावी.